जुनं प्यूजो इंजिन, पाच गिअरचा बॉक्स आणि काढून ठेवलेला टर्बो: देवगडच्या एका जीपचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी नव्वदच्या दशकातली, लांब बॉडीची महिंद्रा कमांडर. टू-व्हील ड्राइव्ह, चार गिअर, बॉनेटखाली प्यूजोचं एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन. चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर, ८३ मिलिमीटर स्ट्रोक, २११२ सीसी, कागदावर सुमारे ६२ अश्वशक्ती. डिझेल थेट पिस्टनवर न पडता आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात पेटतं, म्हणजे हे इनडायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन आहे. कॉम्प्रेशन रेशो २२ च्या आसपास, म्हणजे सिलिंडरातली हवा तेवढ्या पट दाबली जाते. हे दोन मुद्दे पुढे महत्त्वाचे ठरले.

मालक देवगड तालुक्यातले आंबा बागायतदार, साठी ओलांडलेले. त्यांना इथे काका म्हणतो. सीझनमध्ये ही गाडी सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारावरच्या, बागेतून पेट्या खाली आणते आणि अधूनमधून घरचा माल घेऊन फोंडा घाट चढून दाजीपूर, राधानगरीमार्गे कोल्हापूरला जाते. सीझन संपला की शेणखत, चिरे, पाण्याच्या टाक्या, जे पडेल ते. मुलगा पुण्यात नोकरीला. त्याचं म्हणणं होतं की गाडी विकायची नसेल तर निदान सुधारू या: पाच गिअरचा बॉक्स आणि टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा), दोन्ही एकदमच.

माझं कणकवलीत लहानसं मशीन शॉप आहे. फिटिंग काकांच्या नेहमीच्या मिस्त्रींनी केलं. मोजमाप, आराखडा आणि टर्निंगची कामं माझ्याकडे होती. हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण जुन्या डिझेल जीपला गिअरबॉक्स आणि टर्बो बसवायची विचारणा कोकणात सतत होते, आणि या दोन कामांची जोखीम अगदी वेगवेगळी आहे हे फार कमी जणांच्या लक्षात येतं.

अडचण नेमकी कोणती

काकांनी तक्रार एका वाक्यात सांगितली: “हायवेर बोंबलता नि घाटात दमता.” या एका वाक्यात दोन वेगळे रोग आहेत, आणि त्यांची कारणंही वेगळी आहेत.

पहिल्या तक्रारीचं उत्तर गणितात होतं. मागच्या डिफरन्शिअलचं झाकण काढून दात मोजले: क्राउन ३९, पिनियन ८. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सकडून येणाऱ्या शाफ्टचे ४.८७५ फेरे. टायरवर खडूची खूण केली, गाडी भरलेली ठेवून चाकाचा एक फेरा जमिनीवर मोजला, तो २.२५ मीटर भरला. ताशी ८० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ५९३ फेरे घेतं. जुन्या बॉक्सचा चौथा गिअर सरळ एकास एक, त्यामुळे इंजिन तेव्हा जवळपास २९०० फेऱ्यांवर असतं. त्या इंजिनाला हे झेपतं, पण जाड पत्र्याच्या उघड्या गाडीत बसलेल्या माणसाला झेपत नाही. मुंबई-गोवा महामार्ग रुंद झाल्यापासून हा त्रास वाढला, कारण पूर्वी तिथे ८० चा वेग धरायचा प्रश्नच यायचा नाही.

दुसरी तक्रार घाटातली. भरल्या गाडीत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला काळा धूर, पाण्याच्या तापमानाचा काटा वर, आणि ओढ कमी. मुलाचं निदान तयार होतं: इंजिनाला हवा कमी पडते, टर्बो लावा. हवा कमी पडत होती हे खरंच होतं. ती का कमी पडते, हे आधी बघायला हवं होतं.

त्याआधी एक काम केलं, ते असल्या प्रत्येक प्रकरणात करावं असं मी म्हणेन. चेसिसला खालून हातोडीने ठोकून बघितलं. खाडीकाठच्या गाडीची चेसिस बाहेरून रंगवलेली, आतून भुगा झालेली असू शकते. गिअरबॉक्सचा क्रॉस मेंबर ज्या पट्ट्यावर टेकतो तिथे आवाज बद्द आला असता तर मी पुढचं सगळं थांबवायला सांगितलं असतं. मागच्या टोकाला एक ठिगळ लागलं, मधला भाग धड निघाला.

समोरचे पर्याय

हायवेच्या आवाजाला तीन उपाय होते. एक, मागच्या एक्सलचा रेशो बदलणं. हे सगळ्यात स्वस्त आणि सोपं. पण ८० ला इंजिन २४०० वर आणायचं तर रेशो ४.०६ च्या आसपास हवा, आणि तो बदल चारही गिअरांना लागतो. पहिला गिअर तेवढाच जड होणार. बागेतून सड्यावर येणारी वाट खडी आहे, तिथे भरली गाडी उभी राहून पुन्हा सुटायची म्हणजे क्लच जाळायचा. दोन, मोठे टायर. त्यातही तोच दोष, शिवाय ब्रेक आणि स्टिअरिंगवर भार. तीन, पाच गिअरचा बॉक्स, ज्याचा पहिला गिअर जुन्याइतकाच खालचा आणि पाचवा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिनापेक्षा मागचा शाफ्ट जास्त फिरवणारा, असेल. काम सगळ्यात जास्त, पण चढणीची ताकद शाबूत ठेवणारा हा एकच मार्ग.

घाटातल्या दमाला चार उपाय निघाले: आहे ते इंजिन नीट करणं, टर्बो लावणं, दोन्ही करणं, किंवा कारखान्यातूनच टर्बो घेऊन आलेलं दुसरं इंजिन बसवणं. शेवटच्या पर्यायात इंजिन नंबर बदलतो, आरटीओची पूर्वपरवानगी लागते, आणि मूळ इंजिन धड असताना एवढा खटाटोप काकांना नको होता. तो तिथेच सुटला.

मुलाला सगळं एकदम हवं होतं. गाडी एकदाच उघडायची, मजुरी एकदाच द्यायची, हा त्याचा मुद्दा बिनतोड वाटतो. मी त्याला विरोध केला. दोन बदल एकाच वेळी केले आणि नंतर काही बिघडलं, तर दोष कुणाचा हे शोधायला पुन्हा सगळं उघडावं लागतं. आणि सुधारणा झाली तरी ती कशामुळे झाली हे कधीच कळत नाही. काकांनी बाजू घेतली, तीही त्यांच्या हिशेबाने: “माका शर्यतीक नको गाडी. पेटी येळार पोचाक व्हयी.”

ठरलं ते असं. आधी इंजिन तपासून दुरुस्त करायचं. मग गिअरबॉक्स. मग टर्बोची चाचणी बागेतल्या खासगी वाटेवर, रस्त्यावर नाही. ती बघून शेवटचा निर्णय.

इंजिनाची तपासणी

इथे फार वेळ लागला नाही, पण प्रकरणाची दिशा इथेच वळली. ऑइल बाथ एअर फिल्टरच्या तळाशी तेलाऐवजी जांभ्याच्या धुळीचा लाल चिखल बसला होता. तो काढताना चमच्याने खरवडावा लागला. चारपैकी दोन इंजेक्टर टेस्टिंग स्टँडवर फवारा न मारता ठिबकत होते. एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हला फट जवळजवळ नव्हतीच, आणि त्याच सिलिंडरचं कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा कमी होतं. फट नीट केल्यावर तेही वर आलं.

नॉझल बदलले, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) लावले, फिल्टर धुतला, टायमिंग तपासलं. एवढ्यावरच फोंडा घाटातला काळा धूर बराचसा गेला. पीयूसीला बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या आधीच्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा २.४५ असते. ही गाडी आधी तिच्या काठावर पास व्हायची, आता आरामात खाली आली. ओढही वाढली. घाटातल्या तक्रारीचा मोठा भाग टर्बोला हात लावायच्या आधीच संपला होता.

गिअरबॉक्सचं काम

बॉक्स कोल्हापूरच्या जुन्या पार्टच्या बाजारातून आणला, नंतरच्या काळातल्या डिझेल जीपमधला, पाच गिअरचा. घेण्याआधी दुकानातच रेशो मोजून घेतले. यासाठी कुठलं पुस्तक लागत नाही. इंजिनाकडचा इनपुट शाफ्ट आणि मागचा योक (मागच्या एक्सलकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडतात तो) दोन्हींवर खडूची रेघ मारायची, एकेका गिअरात टाकून इनपुट हाताने फिरवायचा आणि मागचे फेरे मोजायचे. पाचव्यात इनपुटचे १० फेरे झाले तेव्हा मागचा योक बरोबर १२ फिरला. म्हणजे रेशो ०.८३. आमच्या एक्सलला आणि टायरला ८० च्या वेगात हे २४०० फेरे देतं, आणि ६० ला १८००. त्या इंजिनाची कमाल ओढ २००० फेऱ्यांच्या आसपास आहे. तेव्हा पाचवा गिअर ६० च्या खाली वापरायचा नाही हे बॉक्स बसवायच्या आधीच कळलं, आणि काकांना तेव्हाच सांगून ठेवलं.

बॉक्सचं बेल हाउसिंग, म्हणजे इंजिनाला जोडायचं घंटेसारखं तोंड, प्यूजो इंजिनाच्या पाठीला जुळत नव्हतं. बोल्टांची भोकं वेगळी, इनपुट शाफ्टची लांबी वेगळी, क्लच प्लेटचे स्प्लाइन (शाफ्टवर बसणारे खाचे) वेगळे. मिस्त्रींनी सुचवलं की जुन्या आणि नव्या बॉक्सचे इनपुट शाफ्ट कापून एकमेकांना वेल्ड करू: “काय एक होवचा नाय.” गावोगाव हे करतात, आणि काही गाड्या तशा चालतातही. पण शाफ्टचं पोलाद वरून कडक केलेलं असतं, वेल्डिंगच्या उष्णतेने ती कडकी जाते आणि जोडाच्या शेजारी ते ठिसूळ होतं. घाटात भरल्या गाडीखाली तो तुटला तर इंजिनाचा ब्रेक त्याच क्षणी जातो, आणि उतारावर उरतात फक्त पायाचे ब्रेक. ही एक गोष्ट मी मान्य करणार नाही असं स्पष्ट सांगितलं, आणि मिस्त्रींनीही ताणून धरलं नाही.

म्हणून अडॅप्टर प्लेट, म्हणजे इंजिन आणि बॉक्स यांच्यामध्ये बसणारी जोडप्लेट. अॅल्युमिनिअमची हलकी झाली असती, पण खाऱ्या हवेत बिडाला चिकटलेलं अॅल्युमिनिअम कुजतं. त्यामुळे माइल्ड स्टीलची घेतली. जाडी मनाने ठरवता येत नाही. इनपुट शाफ्टचं नाक फ्लायव्हीलमधल्या पायलट बेअरिंगमध्ये पुरेसं शिरलं पाहिजे आणि तळाला टेकता कामा नये. टेकलं तर बोल्ट आवळताना सगळा जोर क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर येतो. बेअरिंगच्या मागे मातीची गोळी ठेवून बॉक्स जोडला, काढला, गोळी किती दबली ते बघितलं, आणि मग प्लेट फेस केली. मशीनिंग कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून घेतलं, तिथे मोठ्या व्यासाचं बोअरिंग एका सेटिंगमध्ये होतं.

या सगळ्या कामात जिथे सगळ्यात जास्त वेळ दिला, आणि द्यायलाच हवा होता, ती जागा म्हणजे केंद्र जुळवणं. क्रँकचा मध्य आणि इनपुट शाफ्टचा मध्य एका रेषेत हवा. फ्लायव्हीलवर डायल गेज लावलं, त्याचं टोक बेल हाउसिंगच्या बोअरला टेकवलं आणि इंजिन हाताने एक पूर्ण फेरा फिरवलं. काटा ०.४० मिलिमीटर हलला. म्हणजे मध्य त्याच्या निम्म्याने, ०.२० ने सरकलेला. चालणारी मर्यादा काट्यावर साधारण ०.१३ मिलिमीटर. मिस्त्रींच्या मते केसाच्या जाडीएवढ्या फरकाला एवढं काय घाबरायचं. पण हाच फरक सहा महिन्यांनी गिअर आपोआप सुटायला लावतो, इनपुट बेअरिंग ओरडायला लावतो आणि क्लच प्लेटचा मधला हब फाडतो. तेव्हा सगळे गिअरबॉक्सला शिव्या देतात. आम्ही विकेंद्री (मध्य सरकवलेल्या) डॉवेल पिना, म्हणजे जागा पक्की करणाऱ्या खुंट्या, टर्न केल्या, त्या थोड्या थोड्या फिरवत काटा ०.०८ वर आणला, आणि तिथे पक्क्या केल्या. प्लेट बोल्टांनी धरून राहते, पण जागेवर राहते ती डॉवेलमुळे. नुसत्या बोल्टांच्या भरवशावर बसवलेली अडॅप्टर प्लेट मी दुरुस्तीला आलेल्या गाड्यांत पाहिली आहे, आणि त्यातली एकही सरळ नव्हती.

बाकीचं थोडक्यात. क्लचचं प्रेशर प्लेट इंजिनाचं ठेवलं, प्लेटचा हब नव्या बॉक्सच्या स्प्लाइनचा घेतला. रिलीज बेअरिंगची उंची जुळवायला कॉलर टर्न करावी लागली. बॉक्स लांब असल्याने प्रोपेलर शाफ्ट आखूड करून बॅलन्स करून घेतला, आणि दोन्ही टोकांच्या क्रॉसचे कोन सारखे येतील असा क्रॉस मेंबर खाली-वर केला. क्रॉस मेंबरची नवी भोकं चेसिसच्या उभ्या बाजूला पाडली. खालच्या आडव्या पट्टीला भोक पाडायचं नाही, तिथेच ताण सगळ्यात जास्त असतो. गिअरची दांडी मागे सरकली म्हणून फ्लोअरचा पत्रा कापला. स्पीडोमीटर जास्त दाखवू लागला, त्याचा छोटा गिअर बदलून तो मोबाइलच्या जीपीएसशी ताडून घेतला.

टू-व्हील ड्राइव्ह असल्याने ट्रान्स्फर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्याचा) प्रश्न आला नाही. फोर-व्हील गाडीला हेच काम दुप्पट अवघड समजावं. तिथे बॉक्सच्या मागच्या शाफ्टचे स्प्लाइनही जुळावे लागतात, आणि पुढचा प्रोपेलर कुठल्या बाजूने निघतो तेही.

टर्बोचा निर्णय

टर्बो मुलाने आधीच घेऊन ठेवला होता. अडीच लिटरच्या डिझेलवरचा, वेस्टगेटवाला (दाब मर्यादेत ठेवणारी झडप असलेला), शाफ्टला खेळ नसलेला. आकार योग्य होता. प्रश्न इंजिनाचा होता.

टर्बोने किती फरक पडतो याचा हिशेब मांडला, तो मुलासमोर बसून. दाब ०.४ बार ठेवला तर हवेचा दाब ४० टक्के वाढतो. पण दाबलेली हवा तापते. देवगडच्या एप्रिलमधली ३५ अंशांची हवा अशा टर्बोतून ८० च्या पुढे जाऊन बाहेर पडते, आणि तापलेली हवा विरळ असते. त्यामुळे सिलिंडरात खरी जास्तीची हवा जाते ती २० टक्क्यांच्या आसपास. इंटरकूलरशिवाय (दाबलेली हवा थंड करणाऱ्या रेडिएटरशिवाय) ४० चे २० होतात. आणि नुसत्या हवेने डिझेलची ताकद वाढत नाही. ताकद डिझेलने वाढते, हवा फक्त ते जास्तीचं डिझेल पूर्ण जळू देते. म्हणजे खरा निर्णय टर्बो लावायचा की नाही हा नव्हताच. पंपातून जास्तीचं डिझेल सोडायचं की नाही, हा होता.

डिझेल वाढवलं की उष्णता वाढते, आणि या जातीच्या इंजिनाची ती दुखरी बाजू आहे. ज्वाला हेडमधल्या कप्प्यातून अरुंद तोंडाने पिस्टनवर येते, त्यामुळे हेडला आणि पिस्टनच्या एकाच जागेला सगळा मारा बसतो. हेड अॅल्युमिनिअमचं. कॉम्प्रेशन २२, त्यात टर्बोचा दाब मिळवला की हेड गॅस्केटवरचा भार त्याच प्रमाणात चढतो. प्यूजोने स्वतः या घराण्यातल्या २३०४ सीसीच्या इंजिनाला टर्बो लावून ६०४ या मोटारीत १९७९ साली विकलं, ८० अश्वशक्तीचं. मुलाने हाच दाखला दिला. दाखला खरा आहे. पण कारखाना टर्बो लावतो तेव्हा तो पिस्टन, रिंगा, गॅस्केट, तेलाची व्यवस्था आणि पंप त्या हिशेबाने घडवतो. तीस वर्षं चाललेल्या, साध्या इंजिनावर बाहेरून लावलेला टर्बो यातलं काहीच बरोबर आणत नाही.

तरी चाचणी केली, कारण आकडे हातात असल्याशिवाय मुलाला नाही म्हणणं मला पटत नव्हतं. तेलाची नळी मुख्य गॅलरीतून घेतली. परतीची नळी जाड, सरळ खाली उतरणारी, संपमधल्या तेलाच्या पातळीच्या वर सोडली. ही परत अडली की टर्बोचं सील गळतं आणि लोक टर्बो खराब म्हणून फेकून देतात. एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये, टर्बोच्या अलीकडे, तापमान मोजणारं थर्मोकपल बसवलं. अॅल्युमिनिअम ६६० अंशांना वितळतं. पिस्टन वाचतो तो तेल आणि रिंगांमधून उष्णता निघून जाते म्हणून. त्यामुळे एक्झॉस्टचं तापमान सतत ७२० च्या खाली ठेवायचं, हा नेहमीचा संकेत.

गाडीत चिरे भरले आणि खाडीकाठच्या शेडपासून सड्यावर जाणाऱ्या बागेच्या वाटेने चढवली. टर्बोशिवाय काटा ६४० पर्यंत गेला. टर्बो लावून, पंपाला हात न लावता, ५६०. धूर जवळजवळ दिसेनासा झाला. ओढीत थोडाच फरक. मग मिस्त्रींनी पंपाचा डिझेल वाढवणारा स्क्रू किंचित आत घेतला. गाडी चटकन उचलू लागली, मुलगा खूश झाला, आणि चढ संपायच्या आत काटा ७०० ओलांडून वरच जात राहिला. ती वाट काही मिनिटांत संपते. फोंडा घाट काही मिनिटांत संपत नाही. स्क्रू लगेच मूळ जागी आणला.

उरला तो मधला पर्याय: टर्बो ठेवायचा, पंप मूळ सेटिंगवर सील करायचा. यावर आम्ही सगळ्यात जास्त बोललो. तांत्रिकदृष्ट्या तो वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. इंजिन थंड चालत होतं, धूर कमी होता. विरोधात तीन गोष्टी होत्या.

पहिली कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे आणखी स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आरसीत गिअरबॉक्सची नोंद नसते. अश्वशक्ती मात्र इंजिनाच्या तपशिलात येते. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, तेव्हा बॉनेट उघडलं जातं. आणि अपघात झाला तर विमा कंपनीला हात झटकायला एवढं कारण पुरतं. गिअरबॉक्सचं कामही आम्ही विमा कंपनीला आणि आरटीओला लेखी कळवूनच केलं.

दुसरी गोष्ट पाऊस. तापून लाल झालेल्या टर्बोवर आणि मॅनिफोल्डवर जुलैमध्ये खड्ड्यातलं पाणी उडालं की बिडाला चीर जायला वेळ लागत नाही. कारखान्याच्या गाडीत तिथे पत्रे आणि ढाली असतात, इथे सगळं उघडं. तिसरी गोष्ट सवय. टर्बोवाली गाडी घाट चढून आली की बंद करण्याआधी एक-दोन मिनिटं आयडलवर ठेवायची असते, नाहीतर बेअरिंगमधलं तेल जळून कोळसा होतो. ही गाडी काका, त्यांचा भाऊ आणि बागेतला गडी असे तिघे चालवतात.

काकांनी हे सगळं ऐकून एकच विचारलं, “वडूक वाढला नाय, मगे ता कित्याक ठेवचा?” (ओढ वाढली नाही, मग ते कशाला ठेवायचं?) टर्बो उतरवला, मॅनिफोल्ड मूळचं बसवलं.

निकाल

गाडीने त्यानंतर आंब्याचा एक पूर्ण सीझन आणि एक पावसाळा काढला. महामार्गावर पाचव्यात ७० ते ८० च्या वेगाने बसलेल्या दोघांना आवाज न चढवता बोलता येतं. सपाटीला डिझेल कमी लागतं. घाटात नव्या बॉक्सने फारसा फरक पडला नाही, आणि तशी अपेक्षाही नव्हती. तिथला फरक इंजेक्टर, टॅपेट आणि एअर फिल्टरने पडला. पाण्याचा काटा भर एप्रिलमध्येही मधल्या रेषेपाशी राहतो. पावसाळ्यानंतर बॉक्स खाली घेऊन पाहिला: इनपुट बेअरिंगला आवाज नाही, क्लचचा हब धड, डॉवेल जागच्या जागी. प्लेटच्या कडेला गंज धरू लागला होता, तो घासून पुन्हा प्रायमर मारला.

एक तक्रार मात्र उरली. काकांचे भाऊ गावातल्या रस्त्यावर चाळीसच्या वेगाला पाचवा टाकतात आणि गाडी थरथरते म्हणतात. दांडीच्या मुठीवर ६० चा आकडा कोरून दिला आहे. सवय अजून लागायची आहे.

पुन्हा करायचं झालं तर

टर्बो विकत घेण्याआधी इंजिनाची तपासणी व्हायला हवी होती. इंजेक्टर आणि फिल्टर नीट झाल्यावर एक सीझन गाडी तशीच चालवली असती, तर टर्बोची कल्पना बहुधा आपोआप मागे पडली असती आणि मुलाचे पैसे वाचले असते. थर्मोकपल मात्र पहिल्या दिवशीच बसवावं, टर्बो लावायचा असो वा नसो. घाटात चालणाऱ्या जुन्या डिझेलचं खरं दुखणं पाण्याच्या काट्यावर उशिरा दिसतं, एक्झॉस्टवर लगेच.

गिअरबॉक्स घेताना तो सुटा घेऊ नये. त्याच गाडीचं बेल हाउसिंग, क्लचचा फोर्क, रिलीज बेअरिंग, मागचा योक आणि माउंट असा पूर्ण संच मागावा. आमच्या खर्चाचा मोठा वाटा बॉक्समध्ये गेला नाही, या सुट्या जोडण्या नव्याने घडवण्यात गेला. याहून चांगलं म्हणजे, याच प्यूजो घराण्यातल्या थोरल्या इंजिनासोबत आलेला पाच गिअरचा बॉक्स मिळेपर्यंत थांबता आलं तर थांबावं. बेल हाउसिंग जुळलं तर अडॅप्टर प्लेट आणि केंद्र जुळवण्याचा सगळा खटाटोप टळतो. काकांना सीझनच्या आत गाडी हवी होती, म्हणून आम्ही थांबलो नाही. त्या परिस्थितीत ते बरोबरच होतं.

आरटीओला आणि विमा कंपनीला काम सुरू होण्याआधी विचारलं, हे चांगलं झालं. पण टर्बोबद्दलही त्याच पत्रात विचारायला हवं होतं. ते उत्तर आधी हातात असतं तर चाचणीचा उद्देश सुरुवातीलाच ठरला असता: टर्बो ठेवण्यासाठी नाही, उष्णता मोजण्यासाठी.

मुलाने आता ब्रेकचा विषय काढला आहे. गाडी महामार्गावर ८० ने आरामात जाऊ लागली, पण चारही चाकांना जुने ड्रमच आहेत. त्याचं म्हणणं या वेळी मला पूर्ण पटतं. पुढच्या पावसाळ्याआधी लायनर, व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर नवे करायचे, आणि ब्रेकचा जोर वाढवणारा सर्वो मूळ मापाचा आहे का ते तपासायचं, असं ठरलं आहे.